थट्टेचे नाते आणि खेळाडूंचा संघ

विनोदाचा विचार आपण बहुधा वाङ्मयाच्या संदर्भात करतो. मात्र समूहजीवनातही विनोदाला निश्चित कार्य असते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'थट्टेचे नाते' ही संकल्पना मांडली. एकाने दुसऱ्याची थट्टा करावी आणि दुसऱ्याने राग मानू नये, अशी मुभा रूढीनेच ज्यात दिलेली असते, ते हे नाते. दीर-भावजयीची थट्टा आठवा, म्हणजे मुद्दा ध्यानी येईल. जवळीक आणि दुरावा एकत्र नांदतात तेथे असे नाते निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

क्रिकेटचा संघ हा असाच समूह होय. आज खांद्याला खांदा लावून खेळणारेच उद्या अकरांतील एका जागेसाठी परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात. हा ताण उघड बोलता येत नाही, म्हणून तो थट्टेतून व्यक्त होतो. १९८३ च्या विश्वचषकावेळी कर्णधार कपिल देव यांचा विजयाचा विश्वास आपल्याला वेडेपणा वाटला होता, असे कृष्णम्माचारी श्रीकांत यांनी पुढे हसतहसत सांगितले आहे. कर्णधाराला हसता येणे, हे निरोगी संघाचे लक्षण मानावयास हरकत नाही.

रॅडक्लिफ-ब्राऊन या नात्याचे दोन प्रकार मानतात. एकात दोघेही परस्परांची थट्टा करतात; दुसऱ्यात एकच करतो आणि दुसरा ती निमूट स्वीकारतो. हा भेद किती नाजूक आहे, हे यॉर्कशायर कौंटीच्या प्रकरणात दिसले. कराचीत जन्मलेला फिरकी गोलंदाज अझीम रफीक याने २०२० मध्ये तेथील वंशभेदाविषयी जाहीर तक्रार केली. त्याचा छळ झाल्याचे चौकशीत मान्य झाले. तथापि एका सहकाऱ्याने त्याच्या पाकिस्तानी मुळावरून वापरलेला अपशब्द मात्र मैत्रीपूर्ण थट्टेत गणला गेला. रफीकही त्या झिंबाब्वेत जन्मलेल्या सहकाऱ्याला देशावरून चिडवीत असे, हा त्यामागील युक्तिवाद. म्हणजे हे नाते परस्पर थट्टेचे ठरविले गेले.

येथेच थांबून विचार करा. इंग्लंडच्या रस्त्यांवर दक्षिण आशियाई लोकांना मारहाण करताना जो शब्द उच्चारला गेला, त्याची बरोबरी दुसऱ्या शब्दाशी कशी व्हावी? १६ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदीय समितीपुढे साक्ष देताना रफीकला अश्रू आवरले नाहीत.

तुमच्या कार्यालयात किंवा गावच्या कबड्डी संघात रूढ असलेले एखादे टोपणनाव घ्या. ते कोणी ठेवले, आणि ज्याला ठेवले त्याला उलट नाव ठेवण्याची मुभा आहे काय, याची दहा ओळींत नोंद करा.