शिवोलीचे रेमो : एका माणसाचा बँड

पेडण्याहून म्हापशाला जाताना चोपड्याचा पूल ओलांडला की शिवोली गाव लागते. पूल नव्हता तेव्हा इथे फेरीबोटीने नदी पार करावी लागे. रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ साली या गावात झाला. १९८४ साली त्यांनी आपल्या घरातच 'गोअन क्रेझी' ही इंग्रजी गाण्यांची कॅसेट तयार केली. ती कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी पाहू. १९६० च्या दशकात अमेरिका व युरोपातील अनेक तरुणांनी युद्ध, पैशाची हाव आणि ठरीव चाकोरीतले जीवन नाकारले. त्यांचे संगीतही बदलले. 'द बर्ड्स' या अमेरिकन बँडने १९६८ मध्ये तिथल्या ग्रामीण गाण्यांची रॉक संगीताशी सांगड घातली. शहरी पोरांनी गावाकडचे सूर पुन्हा हाती घेतले. याच पिढीतले काही जण हिप्पी म्हणून हणजूणला आणि पुढे आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर आले. येताना गिटारी आणल्या, तशी नशाही आणली.

रेमो यांनी मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, पण मन रमले ते संगीतात. हणजूणला येणाऱ्या परदेशी वादकांबरोबर ते वाजवत. पुढे युरोप-आफ्रिकेची भटकंती करून ते घरी परतले. त्या काळी भारतीय गायकाने स्वतः रचलेली इंग्रजी गाणी काढायला कॅसेट कंपन्या सहसा तयार नसत. मग त्यांनी सारे काम स्वतःच करायचे ठरवले.

त्यांच्याकडे चार ट्रॅकचे कॅसेट रेकॉर्डर यंत्र होते. अशा यंत्रात एकाच फितीवर चार समांतर पट्टे असतात. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवून घ्यायची. मग ती हेडफोनवर ऐकत दुसऱ्यावर बासरी, तिसऱ्यावर ताल आणि चौथ्यावर गाणे. चार पट्टे कमी पडले तर तीन भरून त्यांचे आवाज चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. मात्र एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि दर वेळी फितीची खरखर वाढते. म्हणून कुठला आवाज किती ठेवायचा, हे आधीच पक्के ठरवावे लागते. या कॅसेटमधील वाद्ये आणि सगळे आवाज त्यांचे एकट्याचेच. तयार कॅसेट पिवळ्या स्कूटरवर घालून त्यांनी दुकानादुकानांत पोचवल्या.

त्यानंतर १९८५ मध्ये गोव्याच्या जुन्या गाण्यांची 'ओल्ड गोअन गोल्ड' आली. १९८७ च्या 'जलवा' चित्रपटामुळे रेमो देशभर पोचले. १९९५ च्या 'बॉम्बे' चित्रपटातील 'हम्मा हम्मा' तर आपल्या पालकांना आठवत असेलच. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची १९८६ ची 'पॅक दॅट स्मॅक'. 'स्मॅक' म्हणजे हेरॉईन. ज्या किनाऱ्यावर पाहुण्यांबरोबर गाणे आले, त्याच किनाऱ्यावर गोव्याची पोरे नशेच्या नादी लागू लागली होती. रेमो यांनी पाहुण्यांचे मोकळेपण घेतले, गिटार घेतली आणि विषाविरुद्ध गाणे केले. प्रस्थापिताला नकार देणाऱ्यांत राहूनही त्यांच्यातल्या वाईटाला नकार देणे सोपे नसते. किनारपट्टीतल्या आपल्या मुलांसमोर हा प्रश्न आजही आहे, म्हणून पालकांनी ही गोष्ट घरी अवश्य सांगावी.

आज तुमच्या घरातल्या मोबाईलवर चारपेक्षा कितीतरी अधिक पट्टे मिळतात. कमी आहे ती आपल्या आवाजांची नोंद. पेडण्याचा दशावतार, डिचोलीच्या देवळांतली भजने, गणपतीत घुमटाच्या साथीने होणाऱ्या आरत्या हे सारे आपल्या कानांवर पडतच असते. येत्या चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून एकत्र जुळवून पाहा. चुकेल, खरखर येईल, पुन्हा करावे लागेल. जमले की शाळेत घेऊन या, आपण सगळे मिळून ऐकू.