तीन किलोमीटर आणि साडेतेरा हजार

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावरून पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा उडाला. वय जेमतेम पाच महिने. वाट दाखवायला आईबाप नाहीत. मोठे पक्षी सहसा आधीच निघून गेलेले असतात. पाठीवरच्या पाच ग्रॅमच्या ट्रान्समीटरमधून हिशेब आला तो असा: ११ दिवस १ तास, १३,५६० किलोमीटर, थेट टास्मानिया. म्हणजे रात्रंदिवस ताशी ५१ किलोमीटर. मध्ये टेकणार तरी कुठे? खाली पॅसिफिक, आणि हा पडला चिखलात चोच खुपसून पोट भरणारा. बदकासारखं पाण्यावर बसून विसावणं त्याला जमत नाही.

आता पूर्व आफ्रिकेच्या रखरखीत जमिनीखाली. इथे नेकेड मोल-रॅट राहतो: गुलाबी, सुरकुतलेला, जवळजवळ बिनकेसांचा, वजन लिंबाएवढं. सत्तर-ऐंशी जणांचं कुटुंब आणि पिल्लं फक्त राणीला. मोठ्या वसाहतीतली सगळी बिळं जोडली तर तीनेक किलोमीटर भरतात, आणि ती सगळी दातांनी कोरलेली. हे दात ओठांच्या बाहेर असतात, त्यामुळे तोंड मिटून खणता येतं, माती घशात जात नाही. पाणटिवळा एवढं अंतर साडेतीन मिनिटांत तोडेल. पण मोल-रॅटला घाई कसली? घरातला उंदीर फार तर तीन-चार वर्षं काढतो. हा प्रयोगशाळेत ३७ वर्षांपलीकडे जगला आहे.

खरं सांगायचं तर अंतरापेक्षा मला दोघांचा जमाखर्च जास्त चक्रावतो. अलास्कात रडारच्या घुमटावर आपटून मेलेले कोवळे पाणटिवळे तपासले, तेव्हा वजनाचा ५५ टक्के भाग निव्वळ चरबी निघाली. आतडी, यकृत, मूत्रपिंडं मात्र आक्रसलेली. वाटेत खायचंच नाही, मग पचनाचं सामान वाहायचं कशाला!

मोल-रॅटचा काटकसरीपणा याहून अघोरी. बिळात दाटीवाटी, हवा कोंदट. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याला ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत ठेवलं. साधा उंदीर तिथे मिनिटभरही टिकत नाही. याने हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेवरून पन्नासवर आणले, ऑक्सिजनशिवाय जाळता येणारी फ्रुक्टोज साखर वापरायला घेतली आणि १८ मिनिटं काढली. नेहमीची हवा मिळताच उठून कामाला लागला.