‘फुल कंट्रोल’ दिले, तरी फोल्डर का उघडत नाही?

ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फोल्डरबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज हा, की एका जागी ‘फुल कंट्रोल’वर टिक केली की काम झाले. विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्याची तपासणी दोनदा होते. एक शेअरची परवानगी. दुसरी एनटीएफएसची, म्हणजे १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आलेल्या फाइल सिस्टिमची. दोहोंपैकी जी कडक, ती चालते. शेअरवर ‘चेंज’ आणि एनटीएफएसमध्ये नुसते ‘रीड’ असेल, तर अकाउंट्सवाल्यांना एक्सेलची फाइल उघडता येईल, सेव्ह करता येणार नाही. तीच व्यक्ती थेट सर्व्हरवर बसली, तर शेअरची परवानगी लागूच होत नाही. म्हणून बरेच अ‍ॅडमिन शेअर सैल सोडतात आणि खरी बंधने एनटीएफएसमध्ये घालतात. मलाही हेच पटते. दोन्हीकडे आवळत बसले, तर पुढे बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

‘डिनाय नेहमीच जिंकतो’ हे अर्धसत्य. एकाच पातळीवर जिंकतो, हे खरे. पण विंडोज यादी ठरावीक क्रमाने वाचते: थेट दिलेला नकार, थेट दिलेली परवानगी, मग वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला नकार, शेवटी वारशाची परवानगी. त्यामुळे फाइलवर थेट दिलेला ‘अलाउ’ वारशाच्या ‘डिनाय’वर मात करतो. मुळात डिनाय हात राखून वापरावा. एखाद्याला अडवायचे असेल, तर बहुतेक वेळा त्याला परवानगी न देणे पुरते.

ग्रुपमध्ये नाव घातले, तरी दार बंदच? ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते. लॉग आउट करून पुन्हा आत यावे लागते. उलट बाजू जास्त धोक्याची: ग्रुपमधून काढलेला माणूस चालू सेशनमध्ये आतच राहू शकतो.

शेअरच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह लावले की तो यादीत दिसत नाही, एवढेच. पत्ता माहीत असलेल्याला परवानगी असेल, तर तो सरळ आत जातो.

लिनक्सवर निराळाच घोळ. फाइल ‘रीड-ओन्ली’ केली म्हणजे ती कुणाला पुसता येणार नाही, असे अनेकांना वाटते. पण पुसणे म्हणजे डिरेक्टरीतली नोंद काढणे. त्यासाठी डिरेक्टरीवर लिहिण्याचा आणि आत शिरण्याचा हक्क लागतो, फाइलवरचा नव्हे. वैतागून डिरेक्टरीला ७७७ देणारा सगळ्यांनाच पुसण्याची मुभा देतो. सर्वांनी वापरायच्या ‘टेम्प’ डिरेक्टरीवर म्हणूनच स्टिकी बिट असतो: तिथली फाइल तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट यांनाच पुसता येते.