पक्षिनोंद, भ्रमणध्वनीवरील

वन्य पक्ष्यांच्या जाती ओळखण्याकरिता आणि त्यांच्या आढळाची स्थळ, काळ व संख्या यांसह नोंद करण्याकरिता भ्रमणध्वनी (मोबाईल फोन) व त्यावरील अनुप्रयोग (ॲप) यांचा केलेला उपयोग. यात ओळख आणि नोंद ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्यात यंत्र निरीक्षकाला साहाय्य करते. दुसऱ्याची जबाबदारी मात्र निरीक्षकावरच राहते.

इतिहास : पूर्वी पक्ष्यांच्या नोंदी निरीक्षकांच्या दैनंदिनीत, संग्रहालयांतील नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर आणि बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) यांसारख्या संस्थांच्या नियतकालिकांत विखुरलेल्या असत. हौशी निरीक्षकांनी ठराविक दिवशी एकत्रितपणे पक्षी मोजण्याची प्रथा अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये सुरू केली. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ हा नोंदसंचय महाजालावर उघडला. २०१० पासून तो सर्व जगाकरिता खुला झाला. पक्षी ओळखण्यासाठी याच प्रयोगशाळेने २०१४ मध्ये ‘मर्लिन’ हा अनुप्रयोग काढला व २०२१ मध्ये त्यात आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय केली.

ओळखण्याच्या पद्धती : ‘मर्लिन’मध्ये तीन मार्ग आहेत. पहिल्यात स्थळ, दिनांक, पक्ष्याचे आकारमान, ठळक रंग आणि वर्तन हे पाच प्रश्न विचारले जातात. त्या प्रदेशात त्या ऋतूत कोणते पक्षी दिसतात, हे ‘ई-बर्ड’मधील पूर्वीच्या नोंदींवरून ताडून संभाव्य जातींची यादी दाखविली जाते. दुसऱ्या मार्गात छायाचित्रावरून जात सुचविली जाते. तिसऱ्या मार्गात ध्वनिमुद्रणाचे रूपांतर ध्वनिलेखात होते. ध्वनिलेखाच्या आडव्या अक्षावर काळ, तर उभ्या अक्षावर कंप्रता दर्शविलेली असते. तज्ञांनी नावे दिलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांवर शिक्षित केलेले संगणकीय तंत्रिका जाल या आकृतीतील आकृतिबंध ओळखते. म्हणजे यंत्र आवाज ऐकते म्हणण्यापेक्षा त्याचे चित्र पाहते, असे म्हणणे अधिक योग्य होय.

या पद्धतींत चूक होऊ शकते. उदा., लांब पल्लेदार शेपटीचा भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो व त्यामुळे यंत्र तेथे नसलेल्या पक्ष्याचे नाव सुचविते. वाहनांचा गोंगाट, वारा आणि एकाच वेळी बोलणारे अनेक पक्षी यांमुळेही संभ्रम होतो. यंत्राचे उत्तर ही सूचना असते; पक्षी प्रत्यक्ष पाहून किंवा त्याचा आवाज स्वतः ओळखून खात्री केल्यावरच ती नोंद करावी.

नोंदीचे स्वरूप : नोंदीत सुरुवातीची वेळ, कालावधी, चाललेले अंतर, निरीक्षकांची संख्या आणि प्रत्येक जातीच्या पक्ष्यांची संख्या यांचा समावेश असतो. स्थळ व अंतर भ्रमणध्वनी उपग्रहांच्या साहाय्याने आपोआप टिपतो. ओळखता आलेल्या सर्व जाती जिच्यात नोंदविल्या आहेत, ती ‘पूर्ण यादी’ होय. तीत केवळ दुर्मिळ पक्षी न घेता कावळा, चिमणी, साळुंकी यांनाही स्थान असते. अशा यादीत एखाद्या पक्ष्याचे नाव नसणे हीसुद्धा माहिती ठरते. एखाद्या प्रदेशातील १०० पूर्ण याद्यांपैकी ४० याद्यांत चिमणी असेल, तर तिचे आढळप्रमाण ४० टक्के होते. ते वर्षानुवर्षे ताडून जातीची घट वा वाढ अजमावता येते. केवळ दुर्मिळ पक्ष्यांच्या सुट्या नोंदींवरून हे शक्य होत नाही.

पडताळणी : प्रत्येक प्रदेशासाठी व महिन्यासाठी अपेक्षित जाती आणि संख्या ठरविलेल्या असतात. त्यांच्याबाहेरची नोंद आल्यास स्वयंसेवी तज्ञ निरीक्षकाकडे वर्णन, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण मागतात. खोट्या नोंदीचा परिणाम किती दूरवर जातो, याचे उदाहरण रानपिंगळ्याच्या (अथीनी ब्लेविटाय) इतिहासात मिळते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी आपल्या संग्रहातील एक नमुना १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याचे नोंदविले होते. तो वस्तुतः जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळविलेला नमुना होता; संग्रहालयातून चोरून त्याच्यावर नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. म्हणजे खरी शेवटची नोंद १८८४ ची ठरली. मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या विश्वसनीय स्थळांचा शोध घेतल्यावर पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ (आता नंदुरबार जिल्हा) हा पक्षी पुन्हा आढळला.

भारतातील उपयोग : केरळमध्ये २०१५–२० या काळात एक हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी ठरवून दिलेल्या चौकोनी क्षेत्रांत पावसाळी व कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत नोंदी केल्या आणि त्यांवरून राज्याचा पक्षिनकाशासंग्रह सिद्ध झाला. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या अहवालात सु. ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा परामर्श घेतला आहे. दीर्घकालीन कल ठरविता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ जातींत घट, ९८ जातींत स्थैर्य आणि ३६ जातींत वाढ दिसून आली. एवढ्या विस्तृत प्रदेशाची अशी पाहणी पगारी कर्मचाऱ्यांकडून करून घेणे दुष्कर झाले असते.

मर्यादा व आचार : नोंदी शहरे, महामार्ग व प्रसिद्ध अभयारण्ये यांच्या आसपास एकवटतात, निशाचर पक्षी आणि दुर्गम प्रदेश उपेक्षित राहतात. विश्लेषणात ही विषमता विचारात घ्यावी लागते. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे, विशेषतः विणीच्या हंगामात, त्रासदायक ठरते. घरट्यांचे स्थान प्रसिद्ध केल्यास शिकारी व अतिउत्साही छायाचित्रकार तेथे पोहोचतात. म्हणून ‘ई-बर्ड’वर काही संवेदनशील जातींचे नेमके स्थळ प्रकट केले जात नाही. जात निश्चित न झाल्यास केवळ ‘पिंगळा’ किंवा ‘घार’ असा गट नोंदविणे शास्त्रदृष्ट्या ग्राह्य असून, अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा अशी अपुरी पण खरी नोंद अधिक उपयुक्त ठरते.