शेवटचा शब्द कुणाचा?

18 एप्रिल 1521. जर्मनीतल्या वर्म्स शहरात सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उभे होते. आपलं लिखाण मागे घेणार का, एवढंच त्यांना विचारलं गेलं. बायबलच्या किंवा स्पष्ट युक्तिवादाच्या आधारे चूक दाखवा, नाहीतर माघार नाही, असं त्यांनी ठणकावलं. पोप आणि धर्मपरिषदांच्याही चुका झाल्या आहेत, हेही सुनावलं.

श्रद्धेच्या बाबतीत प्रमाण कशाला मानायचं, हा प्रश्न मात्र फार जुना होता.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या हाती आजचा ‘नवा करार’ नव्हताच. त्यातल्या नेमक्या 27 पुस्तकांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या इ. स. 367 च्या पत्रात आहे. त्याआधी, दुसऱ्या शतकात, ल्योंचे बिशप इरेनियस यांनी पाखंडी मतं खोडताना ग्रंथांसोबतच प्रेषितांपासून बिशपांमार्फत चालत आलेल्या शिकवणीचा दाखला दिला होता. ग्रंथ आणि परंपरा अशा हातात हात घालून वाढल्या.

ल्यूथर यांच्यानंतर वाटा फुटल्या. प्रोटेस्टंटांनी बायबलला सर्वोच्च मानलं. कॅथलिक चर्चने 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ग्रंथ आणि प्रेषितांची परंपरा या दोन्हींना सारखाच मान दिला. इंग्लंडमध्ये धर्मपंडित रिचर्ड हूकर यांनी विवेकबुद्धीची बाजू मांडली, तर 18व्या शतकात धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी भक्ताच्या अनुभवालाही वजन दिलं.

ग्रंथ, परंपरा, बुद्धी आणि अनुभव या चारही गोष्टी ख्रिस्ती विचाराला हव्याच असतात. पंथापंथांतला खरा वाद आहे तो त्यांच्या क्रमाचा.