आपले बूच, त्यांचे टेबल

मराठी माणूस प्रवासास निघाला आणि त्याच्या हाती डबा नाही, असे सहसा घडत नाही. तिकीट एक वेळ घरी राहील, पण दशम्यांचा पुडा राहणार नाही. पुण्यास जावयाचे असो की पंढरपुरास, गाडीने कर्जत गाठण्याच्या आत कुणीतरी डब्याचे झाकण उघडतेच! प्रवासात पोट आपल्या हाती ठेवावे, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण.

हल्ली मात्र आपल्या मंडळींनी एक नवा प्रवास आरंभिला आहे, आणि तेथे ही शिकवण चालेनाशी झाली आहे. हा प्रवास म्हणजे क्रूझ, अर्थात जलपर्यटन. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटनबोटी २०२१ पासून नियमाने सुटू लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीपाशी आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. शिवाय लेक किंवा चिरंजीव अमेरिकेस असले, की तिकडे गेलेले आईवडील अलास्का नाहीतर कॅरिबियन बेटे ‘करून’ येतात. या बोटींच्या नियमपत्रिकेत एक शब्द हमखास अडखळवतो. तो शब्द ‘कॉर्केज’.

कॉर्क म्हणजे बूच. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकची एक जात वाढते. तिची जाड साल दर नऊ वर्षांनी सोलून काढतात आणि तिची बुचे करतात. या धंद्यात पोर्तुगाल अग्रेसर आहे. आपल्याकडेही आकाशमोगऱ्याला लोक बुचाचे झाड म्हणतात, कारण त्याच्या सालीपासून हलक्या प्रतीचे बूच होत असे. आपण आणलेली वाइनची बाटली दुसऱ्याच्या भोजनगृहात उघडली, तर त्याबद्दल जे पैसे द्यावे लागतात, ते कॉर्केज. आपण त्याला ‘बूचशुल्क’ म्हणू. गंमत अशी, की हल्ली पुष्कळ बाटल्यांना बूच नसतेच. फिरकीचे झाकण असते. पण बूच गेले म्हणून बूचशुल्क काही गेले नाही!

काही वाचक म्हणतील, “आमच्या घरात वाइनचा थेंब येत नाही, मग हे बूचपुराण आम्हांस कशाला?” त्यांनी थोडा धीर धरावा. प्रश्न वाइनपुरता नाही. आपली वस्तू घेऊन दुसऱ्याच्या जागेत बसलो, तर त्याचे देणे किती लागतो, हा तो प्रश्न आहे. आणि तो ताकालाही लागू आहे.

प्रथम बोटीचा हिशेब पाहू. पुष्कळशा अमेरिकन कंपन्यांची रीत अशी : प्रवास सुरू होताना, बोटीवर चढतेवेळीच, प्रत्येक प्रौढ प्रवाशास ७५० मिलिलिटरची वाइनची एक बाटली हातातल्या सामानातून नेता येते. आपल्या खोलीत ती प्यायल्यास बहुधा काही आकार नसतो. भोजनगृहात मागविली, तर वेटर ती उघडतो, पेले मांडतो, थंड ठेवतो आणि बिलात पंधरा-वीस डॉलर लावतो. व्हिस्की, रम यांना मुळीच मुभा नसते. वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली बोटीवर चढताना ठेवून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. दर आणि अटी कंपनीगणिक निराळ्या असतात व त्या बदलतातही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वाचणे बरे. मुंबईच्या पर्यटनबोटींवर हा मधला मार्गही नाही. तेथे बाहेरचे मद्य नको आणि बाहेरचे खाद्यही नको.

आता हे शुल्क देऊन पदरात काय पडते? समजा, घरून नेलेली बाटली आठशे रुपयांची आहे. तीच बोटीच्या यादीत अडीच हजारांना आहे, आणि बूचशुल्क बाराशे. म्हणजे आपला खर्च दोन हजार, बचत पाचशे. पण तीनशेची बाटली नेऊन तिच्यावर बाराशे मोजणारा मनुष्य मात्र फसला. शुल्काचा आकडा ठरविणारा व्यापारी हा हिशेब आपल्या आधी करून बसलेला असतो. स्वस्त बाटली आणणे परवडू नये आणि खास, आवडीची बाटली आणणाऱ्याला नकारही मिळू नये, अशा बेताने तो आकडा ठेवलेला असतो. हा एक प्रकारचा तह आहे. ‘तुझी वस्तू चालेल, माझ्या जागेचे आणि बुडालेल्या नफ्याचे काही दे,’ असा.

आमच्या कोकणच्या आगबोटींवर या तहाची गरजच पडली नाही. लालबाग-परळचा गिरणी कामगार असो की गिरगावचा कारकून, गावी जावयाचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत ती पणजीस पोहोचे. आरंभी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी, तिच्याशी स्पर्धा करणारी, लोकांनी प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटलेली स्वदेशी कंपनी, पुढे चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’, ही नावे आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतात. डेकवर वळकटी पसरली, ट्रंक उशाशी घेतली, की तेवढी जागा आपली. मग डबे उघडत. तांदळाची भाकरी, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी, लोणच्याची फोड, आणि पाण्याला फिरकीचा तांब्या. ज्याला बोट लागे, त्याच्यासाठी आवळकाठी नाहीतर लिंबू. ‘बाहेरचे खाद्य आणू नये’ ही पाटी तेथे कुणी लावली असती, तर बोट रिकामीच सुटली असती!

याचे कारण कंपनी उदार होती असे नव्हे. ती फक्त वाहतूक विकत होती. माणूस या बंदरातून त्या बंदरात पोहोचविला, की तिचे काम झाले. कोरडे पाय धक्क्याला लागतील, एवढीही हमी नव्हती. पुष्कळ बंदरांत भर समुद्रात पडावात उतरावे लागे. आणि त्या प्रवासाचे गोडवे गाताना १७ जुलै १९४७ हा दिवस विसरता कामा नये. त्या दिवशी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

शिदोरीची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. डबा केवळ पोटासाठी आणि काटकसरीसाठी नेत, असे नाही. कुणाच्या हातचे चालते आणि कुणाच्या हातचे चालत नाही, हा हिशेब त्या फडक्यात बांधलेला असे. त्या काळी रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. दलित प्रवाशाला तर त्या पाण्यालाही हात लावणे मुष्किल होते. तेव्हा आज बोटीच्या भोजनगृहात कोण शेजारी बसला आहे आणि कुणी रांधले आहे हे न विचारता आपण जेवतो, ही प्रगतीच होय. ‘घरचेच बरे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मनात स्वच्छता आहे की सोवळे, हे एकदा तपासून पाहावे.

पर्यटनबोटीचा धंदा आगबोटीहून मुळातच वेगळा. ती कुठे पोहोचविण्याकरिता निघतच नाही. जेवण, गाणे, पोहण्याचा तलाव, समुद्राचा देखावा, हाच तिचा माल. तेथे डबा उघडणे म्हणजे कापडाच्या दुकानात घरचे लुगडे नेसून आरशापुढे उभे राहण्यासारखे. शिवाय तिच्या बंदीमागे नफ्याखेरीज दुसरीही कारणे आहेत. भर समुद्रात हजारो माणसे एका छपराखाली राहतात. पोट बिघडण्याची साथ तेथे झपाट्याने पसरते. म्हणून कंपन्यांच्या नियमांत कारखान्यात बंद केलेल्या चिवड्याच्या पाकिटाला बहुधा परवानगी असते, आणि घरी वळलेल्या बेसनाच्या लाडवांना नसते. विजेची किटली आणि इस्त्री यांना आगीच्या भयाने मनाई असते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत उतरताना खिशातले एक सफरचंदही दंडास कारण होऊ शकते.

आता जमिनीवर येऊ. दादर-गिरगावात ज्यांनी घरचे कार्य केले आहे, त्यांना बूचशुल्क अपरिचित नाही. तेथे त्याचे नाव ‘रॉयल्टी’. हॉलचे भाडे ठरते, अनामत ठरते, विजेचे आणि झाडलोटीचे ठरते. मग व्यवस्थापक सौम्य स्वरात विचारतात, “केटरर आमचाच ना?” आपला आचारी म्हटले, की ताटामागे किंवा ठोक अशी रॉयल्टी लागते. कधी ती सजावटीवरही असते. भाडे भरलेल्या जागेत आपल्याच पाहुण्यांना आपल्या आचाऱ्याचे जेवण घालण्याचे हे शुल्क. चूल, पाणी, भांडी घासावयाची मोरी त्यात मिळत असेल, तर ते रास्त. काहीच मिळत नसेल, तर मात्र तोंड उघडावे. आणि तारीख ठरण्यापूर्वी उघडावे. अक्षता पडल्यावर नव्हे!

न्यायालयांनीही हा प्रश्न हाताळला आहे. हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग का, या वादात डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला. ग्राहक तेथे नुसती बाटली घेण्यास जात नाही, जागेचा आणि सेवेचा लाभ घेतो, असा त्याचा आशय. चित्रपटगृहात घरचे खाद्य नेऊ द्यावे की नाही, हा प्रश्न २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजला. पुढे जम्मू-काश्मीरमधून आलेल्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे. बाहेरचे खाद्य रोखण्याचा अधिकार मालकास आहे. मात्र शुद्ध पिण्याचे पाणी फुकट मिळाले पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांना वाजवी अन्न नेऊ दिले पाहिजे.

हा निकाल प्रत्येक गृहिणीने पदराला गाठ मारून ठेवावा असा आहे. मध्यंतरात मुलाला तहान लागली, तर महागडी बाटलीच घेतली पाहिजे असे नाही. ‘पिण्याचे पाणी कोठे आहे?’ हे बेधडक विचारावे.

वाइन घेणाऱ्यांनी आपल्या राज्याचा कायदाही ध्यानात ठेवावा. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आज ‘महाराष्ट्र’ असे नाव धारण करून उभा आहे, आणि मद्य बाळगण्या-पिण्यास परवाना लागतो, हे त्याचे सूत्र कायम आहे. नाशिक-नारायणगावच्या द्राक्षांची वाइन जगभर जात असली, तरी वाइन पिण्यास वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली बाटली परवान्यावाचून महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. बोटीने आलात म्हणून तो माफ होत नाही.

या साऱ्यात एक गोष्ट मनाला टोचते. वाइनची बाटली आणणाऱ्या श्रीमंतासाठी व्यापाऱ्याने तहाची वाट ठेवली : पैसे दे आणि उघड. पण थालीपीठाचा डबा आणणाऱ्या आजीबाईंसाठी चित्रपटगृहाच्या दारात कोणतीही वाट ठेवली नाही. तेथे केवळ नकार आहे. बोटीवर साथीचे कारण तरी सांगता येते. तीन तासांच्या खेळाला ते कितपत लागू पडते? मधुमेही मनुष्य, पथ्याचे खाणारा आजारी, उपवासाची बाई यांच्याकडून ‘डबाशुल्क’ म्हणून वाजवी रक्कम घ्यावी आणि त्यांना सुखाने खाऊ द्यावे, ही व्यवस्था अशक्य नाही. मालकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आहे. पण अधिकार असला म्हणजे तो दर वेळी वापरलाच पाहिजे असे थोडेच आहे!

तोवर आपण काय करावे? बोटीचे तिकीट असो की लग्नाचा हॉल, पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. आपले काय चालेल? त्याचा आकार किती, आणि त्यावर कर वेगळा की धरून? आणि त्या बदल्यात काय मिळेल? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. जे शुल्क आधी सांगितले आहे आणि ज्याच्या मोबदल्यात पेला, टेबल, माणसाची मेहनत मिळते, ते कुरकुर न करता द्यावे. आपल्या बाटलीचे पेले धुणाराही कुणाचा तरी मुलगा आहे. जे आयत्या वेळी बिलातून उगवते, त्याला हरकत घ्यावी. पाणी, औषध आणि बाळाचे दूध यांवर मात्र कुणी आकार मागितला, तर तो मुळीच देऊ नये.

येत्या सुट्टीत आपल्यापैकी कुणी बोटीवर चढणार असतील, तर त्यांना शुभेच्छा. लाडू घरीच खाऊन निघा. चिवडा मात्र बंद पाकिटातला घ्या. आणि बोट लागणार असेल, तर आवळकाठीची पुडी घेण्यापूर्वी नियमपत्रिका एकवार पाहून ठेवा.