खलनायकांची कुळकथा (लेखांक ९) : डूम्सडे, मारून मारून घडवलेला

मागच्या लेखात आपण लेक्स ल्यूथरची ओळख करून घेतली. बुद्धी, पैसा आणि मत्सर या तिन्हींच्या बळावर तो १९४० पासून सुपरमॅनच्या मागे लागलेला आहे. पण १९९२ साली सुपरमॅनला ज्यानं खरोखर मारलं, त्याच्यापाशी यातलं काहीच नव्हतं. त्याची काही मागणी नव्हती, काही बेत नव्हता. जमिनीखालून एक मूठ पोलादी भिंतीवर आदळत वर येते, अशी त्याची पहिली ओळख. बाहेर आल्यावर त्याच्या हातावर एक पक्षी येऊन बसतो आणि तो त्याला चिरडून टाकतो. वाचकाला त्याच्याबद्दल आणखी काही सांगायची गरजच उरत नाही. हा डूम्सडे.

त्याच्या जन्माला एक लग्न कारणीभूत झालं. त्या काळी सुपरमॅनची चार मासिकं निघत आणि चारही मासिकांची मिळून एकच सलग कथा चाले, त्यामुळे वाचकाला जवळजवळ दर आठवड्याला पुढचा भाग मिळे. डॅन जर्गेन्स, लुईस सायमन्सन, रॉजर स्टर्न आणि जेरी ऑर्डवे ही लेखकमंडळी संपादक माइक कार्लिन यांच्यासोबत बसून वर्षभराची आखणी करत. क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात याच जोडीवर दूरचित्रवाणी मालिका येणार असल्याचं कळलं आणि दोन्हीकडे लग्न एकदमच व्हावं म्हणून ते पुढे ढकललं गेलं. आखलेली कथा रद्द झाली. बैठक अडली की ‘मारून टाकू या त्याला’ असं ऑर्डवे गमतीनं म्हणत असत. या वेळी ते सगळ्यांनी मनावर घेतलं. सूटबूट घालून कारस्थानं करणारे शत्रू पुष्कळ झाले होते. जर्गेन्स यांना निव्वळ अंगबळावर सुपरमॅनला भिडणारा राक्षस हवा होता.

त्या राक्षसाचा वेग त्यांनी पानांच्या रचनेतच उतरवला. या झुंजीच्या शेवटच्या चार अंकांपैकी पहिल्यात एका पानावर चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन. आणि ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात अख्ख्या पानाला एकच चित्र. चौकटी मोठ्या होत जातात, शब्द कमी होतात, वाचक पानं भराभर उलटू लागतो आणि सुपरमॅनच्या शहरात, मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर दोघेही कोसळतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये हा अंक काळ्या पिशवीत, दंडाला बांधायच्या काळ्या पट्टीसह विक्रीला आला. दुकानांपुढे रांगा लागल्या, बातम्यांमध्ये चर्चा झाली. वर्षभरात सुपरमॅन परतला, पण डूम्सडेचं नाव कायमचं राहिलं.

हा आला कुठून, याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. ते जर्गेन्स यांनी १९९४ च्या ‘हंटर-प्रे’ या तीन भागांच्या मालिकेत दिलं, आणि माझ्या मते डूम्सडे खऱ्या अर्थानं तिथे जन्मला. अडीच लाख वर्षांपूर्वीचा क्रिप्टॉन, सुपरमॅनचाच ग्रह, पण तेव्हा हिंस्र श्वापदांनी भरलेला. तिथे बर्ट्रॉन नावाचा परका शास्त्रज्ञ कशानंही न मरणारा जीव घडवायला निघतो. प्रयोगशाळेत जन्मवलेलं एक तान्हं बाळ तो उघड्यावर सोडतो. ते क्षणात मरतं. उरलेल्या अवशेषांतून तो त्याची हुबेहूब प्रत बनवतो आणि तीही बाहेर सोडतो. तीही मरते. असं वर्षानुवर्षं चालतं. प्रत्येक प्रत आधीपेक्षा थोडी चिवट निघते, अंगातून हाडांचे सुळे फुटतात, अन्नाची आणि श्वासाची गरज संपते. शेवटी ते मूल श्वापदांना संपवतं आणि मग बर्ट्रॉनला. एकदा ज्यानं मरण आलं, त्यानं ते पुन्हा मरत नाही. आणि आधीच्या एकूण एक मरणांची आठवण त्याच्या पेशींत साठलेली असते. क्रिप्टॉनचा माणूस दिसला की ते पेटून उठतं, ते त्यामुळेच.

जीवशास्त्राच्या कसोटीवर हे टिकत नाही आणि का टिकत नाही ते पाहण्यासारखं आहे. नैसर्गिक निवडीला विविधता लागते. एका पिढीतल्या पुष्कळ जिवांमध्ये लहानसहान फरक असतात. ज्यांचा फरक उपयोगी पडतो ते जगतात आणि त्यांची संतती वाढते. औषधाला न जुमानणारे जिवाणू असेच फोफावतात. मेलेला जीव पुढच्याला काही शिकवत नाही, वारसा जगलेल्यांकडून येतो. बर्ट्रॉन मात्र मेलेल्याचीच प्रत काढतो. तशी हजारावी प्रतही पहिल्याइतकीच नाजूक निघायला हवी, कारण शरीरावर झालेला घाव जनुकांत लिहिला जात नाही.

तरीही ही कल्पना मनातून जात नाही, कारण तिच्यामुळे राक्षसाकडे पाहण्याची आपली नजर बदलते. १९९२ चा डूम्सडे वादळासारखा होता. वादळाला कुणी जाब विचारत नाही. १९९४ नंतर जाब विचारायला एक माणूस मिळाला. भस्मासुरानं तप केलं, वर मागून घेतला. या बाळानं काहीच मागितलं नव्हतं.

इथे सुपरमॅनची मूळ कथा शेजारी ठेवून पाहा. क्रिप्टॉनवरचाच एक शास्त्रज्ञ, जॉर-एल, ग्रह फुटायच्या आधी आपल्या मुलाला यानातून बाहेर पाठवतो, ते मूल जगावं म्हणून. बर्ट्रॉन बाळाला बाहेर पाठवतो ते मरावं म्हणून, मरून उपयोगी पडावं म्हणून. एकाला पुढे कॅन्ससच्या शेतावर आईबाप मिळतात, दुसऱ्याला पुन्हा तेच दार उघडून मिळतं. मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर समोरासमोर आले ते हे दोघे. त्यांच्यातला सगळ्यात मोठा फरक ताकदीचा नाही. एकाला कुणीतरी मूल म्हणून पाहिलं आणि दुसऱ्याला नमुना म्हणून.

म्हणून डूम्सडेच्या पुढच्या रूपांपेक्षा मला ‘हंटर-प्रे’ मोलाचं वाटतं. २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ चित्रपटात ल्यूथर क्रिप्टॉनच्याच जनरल झॉडच्या मृतदेहापासून डूम्सडे बनवतो. तिथेही निर्माता आहे, पण ते हजारदा मेलेलं मूल नाही. त्यामुळे पडद्यावर उरतो तो फक्त धाक. घडवलेल्या राक्षसाची गोष्ट त्याच्या बळावर मोठी होत नाही. प्रयोग करणाऱ्याच्या हिशेबात त्या जिवाचं दुःख कुठल्याच रकान्यात मांडलेलं नव्हतं, हे जी गोष्ट वाचकाला दाखवते, ती मोठी होते. कॉमिक्सनं हे तीन छोट्या अंकांत दाखवलं आणि त्यासाठी त्याला गंभीर साहित्याच्या रांगेत जागा मिळायला हवी.

पुढच्या लेखात बिझारो : १९५८ साली एका बिघडलेल्या यंत्रातून निघालेली सुपरबॉयची प्रत, जिला कुणाचंही वाईट करायचं नव्हतं.